थकबाकी

सुखनिवासच्या बाजूला, कॅटच्या आवारात
एकशे बहात्तर मीटरचं एक कडं आहे.
आत हवा नाही. म्हणजे जवळजवळ नाही;
जी उरते तिच्याशी माझं भांडण, तीच माझी नोकरी.
कड्यातून इलेक्ट्रॉन पळतात,
सेकंदाला सतरा लाख फेऱ्या,
आणि माझ्या आठ तासांच्या रात्रपाळीत
त्यांचे सहा सेकंदही भरत नाहीत.
बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले,
"मग त्यांना पगार कशाचा देता?"

मल्हारी डोईफोडे, साचेखातं, टोकन अकराशे चार.
ब्याण्णवच्या उन्हाळ्यात एका सकाळी भोंगा वाजला नाही.
बाबा तरी उठले, डबा घेतला,
फाटकाला हात लावून परत आले.
मग एकतीस वर्षं कोर्टाच्या तारखा.
परवा देणी आली, खात्यात, मेसेजसकट.
रक्कम बरोबर होती. साल चुकलं होतं.

पासबुक माझ्यापुढं धरून म्हणाले,
"तू त्या मशीनवर काम करून राहिलाय ना,
हे मागं पाठवता येतं का?
सगळं नको. आठशे.
ब्याण्णवचा जुलै. रुक्माच्या नर्सिंगची फी.
शेवटची तारीख शनिवार होती."

मी म्हटलं, पुढं जाता येतं.
त्यात आता वाद नाही,
लोकांनी घड्याळं विमानात बसवून फिरवून आणलीत.
जोरात पळायचं, नाहीतर एखाद्या जड ताऱ्यापाशी मुक्काम टाकायचा;
परत याल तेव्हा शेजाऱ्यांची पतवंडं दार उघडतील.
"ते तर मी करून चुकलो," बाबा म्हणाले, "पायीच."

मागचं विचाराल,
तर समीकरणं नाही म्हणत नाहीत.
होही म्हणत नाहीत.
कागदावर काळ वळून आपलंच शेपूट धरतो,
कागदावर एका विवरात शिरून
कालच्या ओसरीवर निघता येतं.
फक्त विवराचं तोंड मिटू नये म्हणून
उणे ऊर्जा लागते, शून्याच्याही खालची,
आणि तेवढी अजून कुणाला साठवता आलेली नाही.
"शून्याच्या खालची?
आपल्याकडं होती की. परसरामजीच्या उधारीच्या वहीत."

हसलो दोघंही.
मग मीच, शहाणपणा सुचला म्हणून, पुढं बोललो:
समजा, आठशे पोचले.
रुक्मा नर्स झाली, दोन वर्षांत पगार आणू लागली.
मग मी बारावी सोडली नाही,
सियागंजात फ्रिजच्या दुकानात
व्हॅक्यूम पंपाचं तेल बदलायला शिकलो नाही,
कॅटची जाहिरात माझ्यासाठी नव्हतीच.
मग आज त्या कड्याशी बसून
आठशे मागं पाठवणार कोण?
आणि कुणीच नाही पाठवले, तर मी पुन्हा दुकानात,
पुन्हा हात तेलकट, पुन्हा इथं, पुन्हा पाठवणार.
अशी गाठ बसते, बाबा.
म्हणून पुष्कळांना वाटतं, निसर्ग ती बसूच देत नसेल.
सिद्ध कुणी केलेलं नाही.

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.
गाठ त्यांना माझ्याआधी दिसली होती बहुतेक.
"म्हणजे तुझी नोकरी
तिच्या फीतनं झाली."

संध्याकाळी मला पैसे टाकायला लावले, देवासला, तिच्या नंबरवर.
मी म्हटलं, निदान पन्नास हजार तरी.
"ते उद्या. आज बरोबर आठशे.
व्याज लावलंस तर साल बदलेल."

साडेदहाला, पाळी सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर,
फोन उजळला:
"दादा, हे आठशे कशाचे?"

पडद्यावर बीमचा आकडा नेहमीसारखा
कणाकणानं उतरतोय.
मी लिहितो, खोडतो. मशीनचा, बाबांचा, मागल्या जुलैचा
एकही शब्द जागेवर बसत नाही.
साडेअकरा वाजायला आले.
कड्यात मात्र, तिनं विचारल्यापासून,
अजून एक सेकंद झालेला नाही.